अंजिरांवर पोसलेला शब्द



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्यांनी आयुष्यभर संस्कृत व्याकरण शिकवलं. त्यांच्या स्मृतीला अभिवादन करताना मी विषय घेतला आहे तो पोटातल्या एका अवयवाच्या नावाचा. इटालियन माणूस यकृताला ‘फेगातो’ म्हणतो. स्पॅनिश माणूस ‘इगादो’, पोर्तुगीज ‘फीगादु’, फ्रेंच ‘फ्वा’ आणि रुमानियन ‘फिकात’ म्हणतो. या सगळ्या भाषा लॅटिनच्या लेकी. म्हणजे लॅटिनमध्येही याच्याशी मिळताजुळता शब्द असणार, असं आपण सहज धरून चालतो. पण सिसेरोच्या काळातल्या एखाद्या रोमन माणसाला यकृताचं नाव विचारलं असतं, तर तो ‘येकुर’ म्हणाला असता. ‘येकुर’चा आणि ‘फेगातो’चा आवाजाच्या दृष्टीने काडीचाही संबंध नाही. आईचा शब्द एकाही लेकीने घेतला नाही, आणि सगळ्या लेकींनी मिळून दुसराच एक शब्द उचलला. तो कुठून आला, आणि जुना का गेला, हे मला आज सांगायचं आहे.

माझं म्हणणं आधीच मांडतो. शरीराच्या आतल्या अवयवांची नावं पंडित, पुरोहित किंवा वैद्य ठरवत नाहीत. तो अवयव ज्यांच्या हाताला रोज लागतो, ते ठरवतात. यकृत रोज हाताळणारा माणूस म्हणजे खाटीक, त्यानंतर स्वयंपाकी, आणि त्यानंतर पिशवी घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक.

आधी गेलेल्या शब्दाकडे पाहू, कारण तो आपल्या नात्यातला आहे. ‘येकुर’ आणि आपलं ‘यकृत्’ एकामागून एक म्हणून पाहा. हे साम्य योगायोगाचं नाही. ग्रीक भाषेत याच अवयवाला ‘हेपार’ म्हणतात. ‘हिपॅटायटिस’ हे कावीळ आणणाऱ्या रोगाचं नाव तिथूनच आलं. ‘हेपार’ ऐकायला दूरचा वाटतो, पण मूळ भाषेतल्या आरंभीच्या ‘य’चा ग्रीकमध्ये ‘ह’ होतो. संस्कृत ‘यः’ला ग्रीकमध्ये ‘होस’ म्हणतात, तसा. आणि मुळात ‘क्व’सारखा जो ध्वनी होता, त्याचा ग्रीकने ‘प’ केला, तर लॅटिन आणि संस्कृत ‘क’वर थांबल्या. इराणी शाखेत अवेस्तातला शब्द ‘याकर’च्या जवळचा आहे, आणि फारसीत आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होऊन ‘जिगर’ झालं. आपण ‘जिगरी दोस्त’ म्हणतो, एखाद्या खेळाडूच्या ‘जिगरी’चं कौतुक करतो, तेव्हा फारसीतून आलेलं यकृतच उच्चारत असतो. म्हणजे मराठीत या एकाच मुळाची दोन रूपं नांदताहेत: एक संस्कृतातून आलेलं, वैद्यांच्या आणि शाळेच्या पुस्तकातलं, दुसरं फारसीतून आलेलं, मैदानातलं.

या शब्दाचं आणखी एक वैशिष्ट्य इथे सांगायलाच हवं. लॅटिनमध्ये प्रथमेला ‘येकुर’, पण षष्ठीला बऱ्याचदा ‘येकिनोरिस’. मधूनच एक ‘न’ उगवतो. संस्कृतातही प्रथमेला ‘यकृत्’, तर षष्ठी-पंचमीला ‘यक्नः’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १६३ वं सूक्त यक्ष्मा रोग अंगातून बाहेर काढण्यासाठी म्हटलेलं आहे. आतडी, हृदय अशा एकेका अवयवाचं नाव घेत ते पुढे जातं, आणि तिथे यकृतासाठी हे ‘यक्नः’ रूपच येतं. पाणिनीने सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादातल्या ६३ व्या सूत्रात काही शब्दांना विशिष्ट विभक्तींपुढे वेगळी अंगं सांगितली. त्या यादीत ‘यकन्’ आहे. हे ‘र’ आणि ‘न’ यांचं आलटून पालटून येणं फार प्राचीन आहे. रोमच्या माणसाला पाणिनी माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि पाणिनीला लॅटिन ऐकू आली नव्हती. तरी दोघांच्या भाषेत एकाच शब्दात एकाच जागी तोच आडमुठेपणा टिकून राहिला. तुलनात्मक भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना शब्दांच्या साम्यापेक्षा अशा अनियमिततेतल्या साम्याची किंमत अधिक वाटते. एका भाषेने दुसरीकडून शब्द उसना घेतला, तर ती त्याची अडचणीची रूपं सहसा सोबत घेत नाही. अडचणी वारशाने येतात.

हा वारसा रोममध्ये मोठ्या मानाचाही होता. प्राण्याचा बळी देऊन त्याचं यकृत काढायचं, हातात धरून त्याच्या कडा, खाचा, पित्ताशय पाहायचं आणि देवांची मर्जी सांगायची, ही विद्या रोमनांनी एत्रुस्कन लोकांकडून घेतली. ती जाणणाऱ्याला ‘हारुस्पेक्स’ म्हणत. १८७७ साली उत्तर इटलीत पियाचेन्झाजवळ सेत्तिमा गावच्या शेतात एका शेतकऱ्याला काशाचा एक तुकडा सापडला. मेंढीच्या यकृताची ती हुबेहूब प्रतिकृती निघाली, हाताच्या पंजात मावेल एवढी. वरचा भाग चौकटींमध्ये विभागलेला, कडेने १६ भाग, आणि प्रत्येक चौकटीत एत्रुस्कन लिपीत देवांची नावं. आकाशाचे भाग यकृतावर उतरवून शिकाऊ पुरोहिताला ते वाचायला शिकवण्याचा तो नमुना असावा. आज तो पियाचेन्झाच्या पालाझ्झो फार्नेसे या संग्रहालयात आहे. इटालियन लोक त्याला ‘फेगातो दि पियाचेन्झा’ म्हणतात. ज्या विद्येसाठी तो ओतला गेला, तिच्यातलं लॅटिन ‘येकुर’ मात्र त्या नावात आज नाही. सम्राट थिओडोशियसने इ. स. ३९२ मध्ये बळी देण्यावर आणि आतडी पाहून भविष्य सांगण्यावर बंदी घातली. पण तोपर्यंत बाजारात निकाल लागून गेला होता.

आता त्या बाजाराकडे जाऊ.

लॅटिनमध्ये अंजिराला ‘फीकुस’ म्हणतात, ग्रीकमध्ये ‘स्यूकोन’. ग्रीक खवय्यांनी एक युक्ती फार पूर्वीच जाणली होती: प्राण्याला सुकी अंजिरं भरपूर खाऊ घातली, की त्याचं यकृत मोठं, मऊ आणि चविष्ट होतं. अशा यकृताला ते ‘हेपार स्यूकोतोन’ म्हणत, म्हणजे अंजीर लावलेलं, अंजिरावर पोसलेलं यकृत. यामागचं कारण आज आपल्याला ठाऊक आहे. जास्तीच्या साखरेची चरबी करण्याचं मोठं काम यकृत करतं. हंस आणि बदकांच्या कुळातले पक्षी लांबच्या स्थलांतराआधी यकृतात चरबी साठवतात, हा त्यांच्या शरीराचा स्वभावच आहे; माणसाने अंजिरांची साखर देऊन तो आपल्या ताटासाठी वापरून घेतला. आज डॉक्टर ज्याला ‘फॅटी लिव्हर’ म्हणून औषध देतात, ती अवस्था रोमन स्वयंपाकघर मुद्दाम घडवत होतं.

होरेस या कवीने एका उपहासकवितेत श्रीमंताच्या घरची मेजवानी वर्णिली आहे. तिथे पांढऱ्या हंसिणीचं रसरशीत अंजिरांवर वाढवलेलं यकृत पानात येतं. थोरल्या प्लिनीने, जो पुढे इ. स. ७९ मध्ये व्हिसूव्हियसच्या स्फोटात मेला, आपल्या ‘निसर्गेतिहासा’त या विषयाला आपुलकीने जागा दिली. हंसांना दाणा भरवून यकृत वाढवण्याचा शोध कोणाचा, यावर त्याच्या वेळीच वाद होता. स्किपियो मेटेल्लुस या माजी कॉन्सलचा, की मार्कुस सेयुस या सरदाराचा, हे त्यालाही ठरवता आलं नाही. डुकरिणीच्या बाबतीत मात्र तो निःशंकपणे एकाच माणसाचं नाव घेतो: मार्कुस आपिकियुस. त्याची पद्धत प्लिनी देतो ती अशी. डुकरिणीला सुक्या अंजिरांवर पोसायचं, ती तृप्त झाली की मध घातलेली वाइन पाजायची आणि लगेच मारायची. वाचताना अंगावर काटा येतो. पण भाषेचा अभ्यास करणाऱ्याने तिथून नजर काढून चालत नाही, कारण हा शब्द त्या गोठ्यातच जन्मला.

हा आपिकियुस सम्राट टायबेरियसच्या काळचा. त्याच्या खाण्याच्या छंदाची कथा तत्त्वज्ञ सेनेकाने सांगितली आहे. अफाट संपत्ती पानात वाढून संपवल्यावर त्याने हिशेब केला, तेव्हा १ कोटी सेस्टर्स उरल्याचं त्याला दिसलं. एवढ्यावर जगायचं म्हणजे उपाशी मरायचं, असं वाटून त्याने विष घेतलं. त्याच्या नावावर चालणारं पाककृतींचं पुस्तक त्याच्यानंतर काही शतकांनी जुळवलं गेलं, आणि आपल्यासाठी ते मोलाचं आहे, कारण त्याच्या सातव्या भागात यकृताच्या पाककृतींच्या डोक्यावर नाव आहे ‘फिकातुम’. ‘फीकुस’पासून बनवलेलं हे विशेषण आहे: अंजीरवालं. ग्रीक ‘स्यूकोतोन’चं ते लॅटिन रूप. सुरुवातीला ते ‘येकुर फिकातुम’ असं जोडीनेच म्हटलं जात असणार. पुढे ‘येकुर’ गळलं.

विशेषणाने नामाला गिळून त्याची जागा घेणं मराठीला नवं नाही. ‘तिखट’ ही आपल्याकडे चव आहे. पण ‘पाव किलो तिखट द्या’ म्हटलं, की वाणी मिरचीची पूड बांधून देतो. मिरचीचं नाव घ्यायची गरज कोणालाही वाटत नाही.

आपिकियुसच्या पुस्तकातली एक कृती मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो. फिकातुमला बोरूच्या काडीने चिरा पाडायच्या, माशाच्या खारवलेल्या रसात ते मुरवायचं, मिरी, ‘लिगुस्टिकुम’ नावाची सुवासिक पाल्याची वनस्पती आणि तमालाच्या जातीच्या ‘लॉरेल’ झाडाची दोन फळं घालायची, आतड्यांवरच्या चरबीच्या जाळीत गुंडाळायचं आणि जाळीवर भाजायचं. आज तुम्ही टस्कनीत गेलात, तर खाटकाकडे ‘फेगातेल्ली’ मिळतात: डुकराच्या यकृताचे तुकडे, चरबीच्या जाळीत गुंडाळलेले, लॉरेलच्या पानांसह भाजायचे. दीड हजार वर्षांहून अधिक काळ पदार्थ टिकला आणि पदार्थाबरोबर शब्द टिकला. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, असं मला ठामपणे वाटतं.

पण इथे एक शंका रास्त आहे. अंजिरांवर पोसलेलं यकृत हा श्रीमंतांचा चोचला. साम्राज्यातल्या लाखो गरीब माणसांनी आपल्या पोटातल्या अवयवाला त्याचं नाव का द्यावं? साध्या यकृताला कोणी अंजिराचं यकृत का म्हणावं?

याचं उत्तर दर्जाच्या पाटीत आहे. इ. स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने महागाई रोखण्यासाठी कमाल भावांचं फर्मान काढलं आणि ते दगडांवर कोरून ठिकठिकाणी लावलं. त्यात मांसाच्या यादीत डुकराचं मांस रोमन पौंडाला, म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅमला, १२ देनारी आहे, गाईबैलाचं ८. आणि उत्तम ‘फिकातुम’ १६. म्हणजे तोपर्यंत ‘फिकातुम’ हा फर्मानात घालण्याइतका बाजारी शब्द झाला होता, आणि त्याला साध्या मांसापेक्षा जास्त भाव मिळत होता. चढ्या भावाचं नाव विक्रेत्याला नेहमीच हवंसं असतं. आधी खरोखर अंजिरांवर पोसलेलं, मग बरं दिसणारं, मग कसलंही यकृत ‘फिकातुम’ म्हणून विकलं गेलं असणार. गिऱ्हाईकही तेच मागू लागलं. घरात चुलीपाशी तेच नाव गेलं, आणि मुलं चुलीपाशी बोलायला शिकतात. दुसरं कारण व्याकरणाचं. ‘येकुर’चं रूप चालवताना मधला तो ‘न’ आठवावा लागतो. काही जण ‘येकोरिस’ म्हणत, काही ‘येकिनोरिस’, काही ‘योकिनेरिस’. ‘फिकातुम’ मात्र शाळेत न गेलेल्या माणसालाही सहज चालवता येतो. ज्या अनियमिततेचं आपण मघाशी कौतुक केलं, ती बोलणाऱ्याला जड जात होती. दोन्ही कारणं खरी, पण माझ्या मते पहिलं बलवान. लॅटिनच्या लेकींनी अनियमित क्रियापदं डोंगराएवढी सांभाळली आहेत; केवळ अडचण म्हणून त्यांनी ती टाकली नाहीत.

बदल पुरा झाल्याचे दोन साक्षीदार हजर करतो. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला अँथिमुस नावाच्या ग्रीक वैद्याने फ्रँकांचा राजा थेउडेरिक याला आहारावर एक पत्र लिहिलं. त्यात डुकराच्या ‘फिकातुम’चा परिच्छेद आहे. तळलेलं यकृत धडधाकट माणसालाही नको आणि आजाऱ्यालाही नको, असं तो आधी बजावतो. तरीही धडधाकटांना खायचंच असेल, तर नीट चिरा पाडून, रुंद सळ्यांच्या जाळीला तेल किंवा चरबी लावून, मंद निखाऱ्यांवर किंचित कच्चं राहील असं भाजावं आणि तेल, मीठ, बारीक केलेली कोथिंबीर भुरभुरून गरमागरम खावं. या सगळ्यात अंजीर कुठेही नाही. वैद्याच्या लेखणीतही ‘फिकातुम’ म्हणजे नुसतं यकृत झालं आहे.

दुसरा साक्षीदार आठव्या शतकातला, उत्तर फ्रान्समधला. बायबलचा लॅटिन अनुवाद वाचताना मठातल्या लोकांना अडणाऱ्या शब्दांची एक यादी केली गेली. तिची प्रत पुढे राइशेनाऊच्या मठात होती, म्हणून तिला राइशेनाऊची शब्दसूची म्हणतात. त्यात ‘येकुर’च्या रूपापुढे अर्थ दिला आहे ‘फिकातो’. पवित्र ग्रंथातलं यकृत समजावं म्हणून स्वयंपाकघरातला शब्द लिहावा लागला. मला हे पान भाषेच्या इतिहासातल्या अत्यंत स्पष्ट पुराव्यांपैकी एक वाटतं.

या शब्दाच्या अभ्यासकांना सर्वांत जास्त झुलवलं ते आघाताने, म्हणजे कोणत्या अक्षरावर जोर पडतो याने. लॅटिनच्या नियमाने ‘फिकातुम’मध्ये ‘का’ दीर्घ आहे, म्हणून आघात ‘का’वर पडायला हवा. रुमानियन ‘फिकात’मध्ये तो तिथेच आहे. व्हेनिसच्या बोलीतल्या ‘फिगा’मध्येही शेवटचा स्वर आघाताचा आहे, आणि ईशान्य इटलीतल्या फ्रिऊलीच्या ‘फ्यात’मध्येही. पण इटालियन ‘फेगातो’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतात, तसेच ‘इगादो’ आणि ‘फीगादु’. सार्डिनियातला ‘फिगादु’ही त्यांच्याच बाजूचा. एकाच शब्दाचे दोन आघात, आणि त्यांची सीमारेषा इटलीच्या आतूनच जाते! गास्तों पारिस या फ्रेंच पंडिताने १९०१ साली इटालियन भाषाशास्त्रज्ञ ग्रात्सियादियो आस्कोली यांच्या गौरवग्रंथात या एका शब्दावर स्वतंत्र लेख लिहिला. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेली समजूत अशी, की दोन भाषा बोलणाऱ्या बाजारात ग्रीक ‘स्यूकोतोन’ रोमन जिभेवर रुळताना पहिल्या अक्षरावर जोर घेऊन बसला, आणि ‘फिकातुम’ त्याच्या चालीवर म्हटला जाऊ लागला. अर्थ लॅटिन, आवाजाचा ठेका ग्रीक. रोममध्ये स्वयंपाकी बहुधा ग्रीक बोलणारे गुलाम असत हे लक्षात घेतलं, तर यात नवल वाटू नये.

पहिल्या स्वराचीही अशीच फाटाफूट झाली. इटालियनने तिथे ‘ए’ केला, स्पॅनिशने ‘इ’ ठेवला. स्पॅनिशने आरंभीच्या ‘फ’चा आधी ‘ह’ केला आणि मग तोही उच्चारातून घालवला. लिहिताना तो अजून आहे, कानाला नाही. कातालान आणि ऑक्सितान भाषांनी ‘क’ आणि ‘त’ यांच्या जागाच बदलल्या. आपल्याकडे खेड्यात ‘नुकसान’चं ‘नुसकान’ होतं तसं. त्यातून ‘फेत्जे’ झालं. फ्रेंचने इतकं झिजवलं, की ‘फ्वा’ एवढाच श्वास उरला. जगभरच्या महागड्या हॉटेलांत ‘फ्वा ग्रा’ मागवणारा माणूस ‘पुष्ट यकृत’ मागत असतो. त्या ‘फ्वा’मध्ये अंजीर आहे हे वाढणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसतं.

इतर अवयवांचंही हेच झालं, आणि बहुतेक वेळा कामकरी माणसांकडून. ‘टेस्टा’ म्हणजे मडकं, खापर; त्याचं इटालियन ‘तेस्ता’ आणि फ्रेंच ‘तेत’ झालं, म्हणजे डोकं. ‘स्पातुला’ म्हणजे सपाट पट्टी; तिचं ‘स्पाल्ला’ झालं, म्हणजे खांदा. ‘गाम्बा’ हा पायाचा इटालियन शब्द घोड्यांच्या वैद्यांच्या ग्रंथांतून पुढे आला; तिथे तो जनावराच्या पायाच्या खालच्या सांध्यासाठी होता. ‘बुक्का’ म्हणजे गाल, त्याचं ‘बोक्का’ म्हणजे तोंड झालं. शुद्ध लॅटिन शिकवणाऱ्या कोणी एकाने २२७ दुरुस्त्यांची यादी केली होती, ‘प्रोबुसची पुरवणी’ म्हणून ती ओळखली जाते. कानाला ‘ऑरिस’ म्हणावं, ‘ओरिक्ला’ म्हणू नये, असं त्यात बजावलं आहे. आज इटलीत कानाला ‘ओरेक्क्यो’ म्हणतात. ज्याला मनाई केली त्याचाच तो वंशज.

रोमन साम्राज्यापुरतीच ही गोष्ट असती, तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. ग्रीकांनी स्वतः ‘हेपार’ रोजच्या बोलण्यातून सोडून दिला. आजच्या ग्रीकमध्ये यकृताला ‘सिकोती’ म्हणतात, म्हणजे पुन्हा अंजीरच. ‘हेपार’ डॉक्टरांकडे राहिला. रशियनमध्ये यकृत म्हणजे ‘पेचेन’, आणि ते भाजणे या अर्थाच्या धातूवरून आलं आहे. लिथुएनियनमध्ये जुना शब्द होता ‘येक्नोस’, आपल्या ‘यक्नः’चा सख्खा भाऊ, त्याची जागा घेतली ‘केपेनिस’ने, आणि ‘केप्ती’ म्हणजे भाजणे. भाषा निराळ्या, शाखा निराळ्या, आणि यकृताचं जुनं, मानाचं नाव प्रत्येक ठिकाणी चुलीपुढे हरलं.

मग आपलं काय? आपण ‘यकृत’ टिकवलं, पण संस्कृतातून घेतलेला तत्सम शब्द म्हणून; तो बोलण्यात परंपरेने झिजत आलेला नाही. झिजत आलेला शब्द ‘काळीज’. कोशकार त्याला संस्कृत ‘कालेय’कडे नेतात, आणि ‘कालेय’चा अर्थ यकृत. अमरकोशात यकृताला ‘कालखंड’ असाही पर्याय दिला आहे. कापून पाटावर ठेवलेलं यकृत ज्याने पाहिलं आहे, त्याला या ‘काल’चं, काळ्या रंगाचं, कारण सांगावं लागत नाही. हा शब्दही पाहणाऱ्या डोळ्यांनी घडवला. पुढे मराठीत ‘काळीज’ छातीत वर सरकलं आणि हृदयाच्या जागी जाऊन बसलं. मटणाच्या दुकानात मात्र हिंदीच्या वाटेने आलेल्या ‘कलेजी’ला आपण यकृतच समजतो. एकाच मुळाचे दोन शब्द, एक कवितेत आणि एक तराजूत.

धैर्य आणि राग यांचं घर यकृतात मानण्याची कल्पना आपल्याकडे आणि लॅटिनच्या लेकींकडे, दोन्हीकडे आहे. इटलीत ‘फेगातो’ असलेला माणूस म्हणजे छातीचा माणूस, आणि आतल्या आत जळणारा स्वतःचं ‘फेगातो’ खात असतो. पोर्तुगीजमध्ये वाईट ‘फीगादु’ म्हणजे खुनशी स्वभाव. फ्रेंचमध्ये मात्र ‘फ्वा’ असणं म्हणजे घाबरणं! फ्रेंच बोलीत आधी ‘पांढरं यकृत’ असा वाक्प्रयोग होता, रक्त नसलेलं, भित्रं. त्यातलं ‘पांढरं’ गळून गेलं. विशेषण नामाला गिळतं तसं कधी नामही विशेषणाला गिळून टाकतं.

आपल्या मातीत तर हा अंजिराचा शब्द प्रत्यक्ष येऊन राहिला. पणजीत १८४२ साली पोर्तुगीजांनी वैद्यकीय शाळा सुरू केली. तिथे शिक्षण पोर्तुगीजमध्ये होतं. म्हणजे गोव्याच्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी यकृताचे रोग ‘फीगादु’ या नावाने शिकले. आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतलं सारपातेल डुकराच्या मांसाबरोबर त्याच्या यकृताचे तुकडे घातल्याशिवाय होत नाही. आपिकियुसच्या भांड्यात मासळीचा खारवलेला रस होता, सारपातेलात व्हिनेगर आणि लाल मिरची आहे.

म्हणून तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोश’ प्रसिद्ध केला, त्यात धंद्यांतले, बोलीतले शब्द आवर्जून घेतले. त्यानंतर खाटकाच्या ओट्यावरची भाषा कितीतरी बदलली आहे. वजडी, गुर्दा, भेजा, मुंडी, पाया हे शब्द शहरात सगळ्यांना माहीत आहेत. पण प्लीहेला ‘पानथरी’ म्हणणारी माणसं आता शोधावी लागतात, आणि फुफ्फुसाला, आतड्यांच्या निरनिराळ्या भागांना, चरबीच्या त्या जाळीला तालुक्यागणिक काय म्हणतात, हे एका जागी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. कोल्हापूरकडे एक, खानदेशात दुसरं, कोकणात तिसरं असणार. आता गुळगुळीत पिशवीत भरलेलं, इंग्रजी नाव छापलेलं मांस घरपोच येतं आहे, आणि ओट्यावर उभं राहून नाव घेऊन मागण्याची गरज कमी होते आहे. तुमच्या गावच्या खाटकाला, यात्रेच्या जेवणाचं मटण शिजवणाऱ्या आचाऱ्याला, गुरांवर झाडपाल्याचे उपचार करणाऱ्या जाणत्या माणसाला जाऊन विचारा. अवयवावर बोट ठेवून नाव विचारा, ते जसं उच्चारलं तसंच लिहा, गावाचं आणि तालुक्याचं नाव शेजारी टाका, आणि ती वही जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात नेऊन द्या.